बक्षिसाच्या क्विझला ऑनलाइन मदत: पाच ठिकाणांचा परखड आढावा

गणेशोत्सवात मंडळाने गूगल फॉर्मवर टाकलेली प्रश्नमंजूषा, रविवारच्या पुरवणीतले बक्षिसाचे शब्दकोडे आणि मायगव्ह पोर्टलवरची सरकारी क्विझ, या तिन्हींतले प्रश्न शेवटी एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतात. 'कुणाला माहीत आहे का? अर्जंट' एवढीच प्रस्तावना. कुणीतरी चहा पिता पिता उत्तर टाकून मोकळा होतो. पंधरा मिनिटांत त्याच ग्रुपवरचे चौघे ते आपापल्या फॉर्मवर भरतात. त्याच उत्तरासाठी वाचनालयात दुपार घालवलेला पाचवा स्पर्धकही त्याच ग्रुपवर असतो. तो काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी कुणाला मदतही करत नाही.

मदत घ्यायला हरकत नाही. अनेक क्विझ तर शोधाशोध व्हावी म्हणूनच काढलेल्या असतात. हरकत आहे ती प्रश्न बक्षिसाचा आहे हे लपवण्याला. म्हणून इथे पाच ठिकाणे दोनच निकषांवर तपासली आहेत: उत्तर खात्रीचे मिळते का, आणि तिथे उघडपणे विचारता येते का. गुण ५ पैकी.

आधी घड्याळ बघा

ठिकाण निवडण्याआधी क्विझ कोणत्या जातीची आहे ते ठरवावे लागते. एक जात घड्याळ लावलेली, दुसरी मुदतीची.

घड्याळाच्या क्विझचे चांगले उदाहरण मायगव्हचे. हे पोर्टल २६ जुलै २०१४ ला सुरू झाले आणि त्यावरच्या क्विझचा साचा साधारण ठरलेला आहे. ओटीपीने लॉगिन करायचे, 'सुरू करा' दाबताक्षणी वेळ सुरू होते, प्रश्न मोठ्या प्रश्नसंचातून आपोआप निवडले जातात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, अडलेला प्रश्न सोडून नंतर परत येता येते, आणि एका माणसाची एकच प्रवेशिका धरतात. २०२२ च्या 'सबका विकास महाक्विझ' मालिकेत २० प्रश्नांना ३०० सेकंद होते, म्हणजे प्रश्नामागे १५ सेकंद. दहा प्रश्नांना ३०० सेकंद देणाऱ्या क्विझही असतात, तिथे ३० सेकंद मिळतात. मराठी कीबोर्डवर एक लांब प्रश्न टाइप करण्यातच तेवढा वेळ जातो. बरोबर उत्तरे सारखी असली की कमी वेळ घेणारा पुढे, त्यामुळे मधेच ग्रुपवर विचारायला गेलेला माणूस उत्तर मिळवूनही मागे पडतो. उलट दुसऱ्याकडून उत्तरे घेऊन चाळीस सेकंदांत वीस प्रश्न उडवणाऱ्याची वेगळीच अडचण होते. अनुचित मार्गाने अवास्तव कमी वेळात क्विझ पूर्ण केल्याचे आढळल्यास प्रवेशिका बाद होऊ शकते, अशी अट नियमांत असते.

थोडक्यात, घड्याळाच्या क्विझमध्ये मदत मागायची ती बटण दाबण्याआधी. 'या योजनेवर क्विझ आहे, काय वाचू?' हा प्रश्न कुणालाही बिनदिक्कत विचारता येतो. पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धिपत्रके, योजनेचे अधिकृत संकेतस्थळ आणि मायगव्हच्या त्याच पानावर दिलेला वाचनाचा मजकूर, एवढे तासाभरात चाळले तरी पुष्कळ होते. योजना सुरू झाल्याची तारीख, लाभाची रक्कम, पात्रतेचे वय आणि मंत्रालयाचे नाव या चार गोष्टींवर प्रश्न हमखास येतात. त्या एका कागदावर लिहून काढाव्यात. घड्याळ सुरू झाल्यावर मात्र फोन फक्त क्विझसाठी.

मुदतीच्या क्विझला आठवडा किंवा महिना मिळतो. खरा शिष्टाचाराचा प्रश्न इथेच उभा राहतो. नियमपत्रात तीन गोष्टी शोधा: बाहेरची मदत चालते की 'उत्तरे स्वतः शोधलेली असावीत' असे म्हटले आहे, प्रवेशिका किती वाजेपर्यंत घेतात, आणि बरोबरी झाल्यास सोडत काढतात की आधी आलेली प्रवेशिका जिंकते. तिसरी गोष्ट लोक वाचत नाहीत आणि तिथेच फसतात. 'आधी येईल तो जिंकेल' असे असेल, तर ग्रुपवर तुम्हाला उत्तर देणारा माणूस स्वतःची प्रवेशिका आधी पाठवून मग तुम्हाला उत्तर देऊ शकतो. त्यात त्याचे काही चुकत नाही.

सर्च इंजिन आणि ज्ञानकोश: ५ पैकी ४

यंत्राला विचारताना कुणाचा वेळ जात नाही, कुणाची संधी जात नाही. म्हणून पहिला दरवाजा हाच. एक गुण कापला तो यंत्राचा दोष म्हणून नव्हे. प्रश्नातला मोघम शब्द ते सोडवू शकत नाही, एवढ्यासाठी.

'पहिला मराठी चित्रपट कोणता?' हा प्रश्न दर दुसऱ्या क्विझमध्ये असतो. सर्चमध्ये तीन उत्तरे समोर येतात. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' मे १९१२ मध्ये मुंबईत दाखवला गेला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मे १९१३ चा, आणि भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्र म्हणून मान त्याला. पण दोन्ही मूकपट. मूकपटाला भाषा कसली? मराठी बोलणारा पहिला चित्रपट म्हणजे प्रभातचा 'अयोध्येचा राजा', १९३२. प्रश्नात 'बोलपट' शब्द असेल तर उत्तर एकच, 'चित्रपट' असेल तर तीन. अशा वेळी मदत मागायची ती आयोजकांकडे: 'पहिला बोलपट अभिप्रेत आहे का?' आयोजकांना स्पष्टीकरण विचारणे हा स्पर्धकाचा हक्क आहे. फक्त ते स्पष्टीकरण सगळ्या स्पर्धकांना कळवा, अशी विनंतीही सोबत करावी.

दुसरा सापळा शिळ्या पानांचा. महाराष्ट्रातले जिल्हे किती, याला जुनी पाने अजून ३५ सांगतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाल्यापासून ते ३६ आहेत. तिसरा सापळा सालाचा. विंदा करंदीकरांचा ज्ञानपीठ २००३ सालासाठीचा, पण तो त्यांना प्रत्यक्ष दिला गेला २००६ मध्ये. 'कोणत्या सालचा' आणि 'कोणत्या साली मिळाला' यांची उत्तरे वेगळी आहेत, आणि प्रश्न काढणाऱ्याने हा फरक जाणून विचारला असेलच असे नाही.

शोधताना प्रश्न जसाच्या तसा टाकू नका. नाम आणि साल एवढेच ठेवा, नेमका शब्दसमूह हवा असेल तर अवतरणचिन्हांत घाला, नको तो शब्द वजाचे चिन्ह लावून वगळा. मराठीत एक जादा अडचण आहे. 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतला ऱ दोन निरनिराळ्या तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला दोन दिसतात. 'विश्वकोश' आणि 'विश्वकोष' यांचेही तेच. अवतरणचिन्हांत शोधून काही सापडले नाही तर चिन्हे काढून पुन्हा शोधा, मग रोमन लिपीत लिहून शोधा. दोन पाने एकच उत्तर देत असतील तर दोन्हींतली वाक्ये ताडून पाहा. शब्द न् शब्द तोच असेल, तर ते दोन पुरावे नाहीत, एकाच पुराव्याची नक्कल आहे. विकिपीडियावर खालचे संदर्भ उघडावेत आणि 'इतिहास' टॅबवर कालपरवा कुणी आकडा बदलला आहे का तेही पाहावे. क्विझच्या आठवड्यात असे बदल होतात.

वाईहून निघालेला मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश दोन्ही ऑनलाइन आहेत. पौराणिक, वनस्पती, संतचरित्र अशा विषयांना उत्तम. लोकसंख्या, उत्पादन, राजधान्या यांसाठी त्यांच्याकडे जाऊ नये. केतकरांचे आकडे १९२० च्या दशकातले आहेत, ते आज विचारले तर तो त्यांचा अपराध नव्हे. शब्दकोड्यांसाठी मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. अडलेला जुना शब्द तिथे सापडतोच सापडतो असे नाही, पण सापडला की शंका उरत नाही.

चित्रावरून ओळखायच्या प्रश्नांना गूगल लेन्स किंवा टिनआय. चित्र कापून फक्त मुख्य भाग ठेवा. काही सापडले नाही तर चित्र आडवे उलटवून पुन्हा टाका, कारण प्रश्न काढणारे हुशार लोक ते मुद्दाम उलटवून देतात. किल्ल्यांच्या बाबतीत लेन्सवर विसंबू नये. बुरूज आणि तटबंदी त्याला सगळीकडे सारखीच दिसते.

एआय चॅटबॉट: ५ पैकी २

आत्मविश्वास पाच गुणांचा, उत्तर दोन गुणांचे. 'नक्की?' असे दोनदा विचारले की चॅटबॉट माफी मागून उत्तर बदलतो, आणि बदललेले उत्तर आधीच्यापेक्षा बरोबर असेलच याची हमी नाही. संदर्भ मागितला तर अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नावही देतो. मराठी शब्दकोड्यात तर त्याची फजितीच होते, कारण मजकूर त्याच्या पोटात तुकड्यातुकड्यांनी जातो, अक्षरांनी नाही. 'स्त्री' हे आपल्या कोड्यात एक घर. संगणकाच्या हिशेबात मात्र स, हलंत, त, हलंत, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे. तीन अक्षरी शब्द मागावा आणि पाच अक्षरी मिळावा, वर 'हा तीन अक्षरी आहे' असे ठासून सांगितले जावे, हे नित्याचे.

त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. उत्तर मागू नका. 'या प्रश्नातल्या पहिला या शब्दाचे किती अर्थ निघतात?' असे विचारा, किंवा 'हे शोधायला कोणते शब्द वापरू?' असे. तिथे तो कामाला येतो. शिष्टाचाराच्या दृष्टीने तो सर्च इंजिनासारखाच, म्हणजे कुणाची संधी हिरावत नाही. अपवाद बरोबरी फोडणाऱ्या वाक्याचा. 'आमचे उत्पादन का आवडते ते पंधरा शब्दांत लिहा' अशी ओळ शेवटी असते आणि तीच परीक्षकांना स्पर्धकाची स्वतःची हवी असते. चॅटबॉटने लिहिलेली दहा वाक्ये शेजारी ठेवली की सगळी एकाच आईची लेकरे दिसतात.

टेलिग्रामवरचे 'आन्सर की' चॅनेल: ५ पैकी ०

क्विझ सुरू झाल्यावर तासाभरात '१०० टक्के खरी उत्तरे' अशी पीडीएफ येते. प्रश्न प्रत्येकाला संचातून वेगळे येत असल्याने यादीतले निम्मे प्रश्न तुम्हाला येतच नाहीत, आणि जे येतात त्यांच्या पर्यायांचा क्रम तोच असेल याची खात्री नसते. 'उत्तर ब' असे पाठ करून गेलेला तिथेच घसरतो. यादी करणारा उत्तरे तपासत नाही, त्याला सदस्यसंख्या हवी असते.

पैसे घेऊन 'तुमच्या वतीने क्विझ भरून देतो' म्हणणारे त्याहून वाईट. त्यासाठी ते ओटीपी मागतात. ओटीपी दिला की तुमचे खाते त्यांच्या हातात, आणि एका नंबराची प्रवेशिका एकच असल्यामुळे ती वाया गेली तर दुसरी संधी नाही. निकालानंतर दुसरी लाट येते: 'तुम्ही जिंकलात, प्रोसेसिंग फी भरा'. 'कौन बनेगा करोडपती'च्या नावाने २५ लाखांच्या लॉटरीचे व्हॉट्सॲप संदेश, बरेचदा +९२ ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून, वर्षानुवर्षे फिरत आहेत. खरे बक्षीस देणारा आधी पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी.

ओळखीचा व्हॉट्सॲप ग्रुप: ५ पैकी ३

इथे उत्तर बरे मिळते आणि भांडणेही इथेच होतात, म्हणून थोडे सविस्तर.

एक हिशेब मांडू. २५ प्रश्नांची क्विझ आहे, त्यातले २२ कुणालाही येतील असे, ३ अवघड. बक्षीस त्या तीन प्रश्नांवरच ठरते. बाकीचे २२ फक्त गर्दी जमवण्यासाठी. समजा मेहनत घेऊन सहा जणांनी तिन्ही सोडवले, तर सोडतीत सहा चिठ्ठ्या. ते तीनच प्रश्न कुणी दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकले आणि उत्तरे मिळाली, की चिठ्ठ्या दोनशेच्या घरात. विचारणाऱ्याला वाटते आपण एक छोटा प्रश्न विचारला. खरे तर त्याने चाळणीच फोडलेली असते. त्यात स्वतःचीही शक्यता कमी केली, हे त्याच्या लक्षात येत नाही.

म्हणून ग्रुपवर विचारायचेच तर पहिल्या ओळीत सांगावे की प्रश्न बक्षिसाचा आहे. मजकूर साधारण असा:

'नमस्कार. आमच्या सोसायटीच्या क्विझमधला प्रश्न आहे. बक्षीस आहे, मुदत रविवारी रात्री १० पर्यंत. बाहेरची मदत घ्यायला नियमांत मनाई नाही. प्रश्न: भारतरत्न मिळालेले पहिले महाराष्ट्रीय कोण? माझ्याकडे धोंडो केशव कर्वे (१९५८) आणि पां. वा. काणे (१९६३) अशी दोन नावे आहेत. आणखी आधीचे कुणी असल्यास कुठे पाहावे एवढेच सांगा, थेट उत्तर ग्रुपवर नको.'

यात पाच गोष्टी आल्या: बक्षीस, मुदत, नियम, स्वतः केलेला शोध, आणि हवे ते नेमके किती. शोध दाखवला नाही तर जाणकार उत्तर देत नाहीत, आणि द्यायला बांधीलही नाहीत. एका वेळी एकच प्रश्न. पूर्ण प्रश्नपत्रिकेचा फोटो टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या घरी पंगतीला जाऊन डबा भरून मागण्यासारखे. तोच प्रश्न चार ग्रुपांवर एकदम टाकू नये. टाकला तर एकीकडे उत्तर मिळताच बाकीच्या तीन ठिकाणी 'मिळाले, धन्यवाद' लिहावे, म्हणजे लोक उगाच शोधत बसत नाहीत. प्रश्नातली नावे बदलून, 'माझ्या मुलाच्या प्रोजेक्टसाठी हवे आहे' अशी बतावणी करून विचारणारे ओळखू येतात. त्याच आठवड्यात तोच प्रश्न तिसऱ्यांदा 'प्रोजेक्ट' म्हणून आला की ग्रुपला कळायचे ते कळते.

उत्तर देणाऱ्यालाही काही पाळावे लागते. स्वतः त्याच स्पर्धेत असाल तर तसे सांगा आणि गप्प राहा. चुकीचे उत्तर देऊन दिशाभूल करणे हा गनिमी कावा नाही, नुसता कावा आहे. स्पर्धेत नसाल तर इशारा द्या. समजा कोड्यात 'शंकराचे धनुष्य' तीन घरांत हवे आहे आणि मधले अक्षर 'ना' मिळाले आहे. 'पिनाक' असे लिहून टाकण्यापेक्षा 'शंकराला अमुकपाणी म्हणतात, ते नाव आठवा' एवढे पुरते. विचारणाऱ्याला शोधल्याचे समाधान मिळते आणि ग्रुपवरच्या इतरांना तयार उत्तर मिळत नाही. उत्तर द्यावेच वाटले तर खासगी संदेशाने द्या.

कोड्यातला प्रश्न विचारताना सूचक वाक्य पूर्ण लिहा, घरांची संख्या सांगा, मिळालेली अक्षरे जागच्या जागी दाखवा (_ ना _ असे), आणि ती अक्षरे आडव्या-उभ्या कुठल्या शब्दातून आली तेही. नव्वद टक्के वेळा चूक त्या आधीच्या शब्दात असते आणि अडलेला शब्द बिचारा निर्दोष असतो. हे टक्के मोजलेले नाहीत, पण कोडी सोडवणारे मान डोलावतील.

मदत कुठे चालते हे ठरवायला 'फोन अ फ्रेंड' बरा. केबीसी ३ जुलै २००० ला सुरू झाला तेव्हा मित्राला फोन करायला ३० सेकंद मिळत. ही मदत सगळ्यांसमोर होती, प्रत्येक स्पर्धकाला सारखीच होती, आणि एकदाच होती. याच खेळाच्या मूळ ब्रिटिश कार्यक्रमात २००१ मध्ये चार्ल्स इंग्रॅम या मेजरने दहा लाख पौंडांपर्यंत मजल मारली ती बरोबर पर्यायावर खोकणाऱ्या साथीदारामुळे, असे ठरून २००३ मध्ये न्यायालयाने दोषी धरले. खोकला आणि फोन दोन्हींतून उत्तरच मिळते. फरक लपवाछपवीचा.

अनोळखी जाणकारांचे मंच: ५ पैकी ४

इंग्रजी विकिपीडियाचा संदर्भ-कक्ष हा यातला सर्वांत शिस्तीचा. 'आम्ही तुमचा गृहपाठ करून देत नाही' हे तिथे आधीच स्पष्ट केलेले आहे, पण शोध कुठे अडला ते सांगितले तर स्वयंसेवक दुर्मीळ संदर्भापर्यंत नेऊन सोडतात. मराठी विकिपीडियाच्या चावडीवर हे करू नये. ती जागा विकिपीडियाच्या कामकाजाची आहे.

ब्रिटनमध्ये या बाबतीतले संकेत जुने आणि पक्के आहेत. तिथली वर्तमानपत्रे शनिवारी बक्षिसाचे गूढ शब्दकोडे, म्हणजे सूचक वाक्यातच शब्दखेळ दडवलेले कोडे, छापतात. कोड्यांची उकल देणाऱ्या 'फिफ्टीनस्क्वेअर्ड'सारख्या ब्लॉगवर रोजच्या कोड्यांची उकल त्याच दिवशी येते, बक्षिसाच्या कोड्याची मात्र प्रवेशिकांची मुदत संपल्यावरच. नाव पडले ते १५ बाय १५ च्या चौकटीवरून. तिथे मुदतीआधी बक्षिसाच्या कोड्याबद्दल इशारा देणेही असभ्य समजतात.

याच्या अगदी उलट टोकाला आइल ऑफ मॅनमधल्या किंग विल्यम्स कॉलेजची प्रश्नपत्रिका. १९०५ पासून निघते, १९५१ पासून गार्डियन छापते. १८ गट, प्रत्येकी दहा प्रश्न, एकूण १८०. विद्यार्थी ती एकदा सुटीआधी कुठेही न शोधता सोडवत आणि सुटीत शोधाशोध करून परतल्यावर पुन्हा एकदा. एखादी गोष्ट कुठे सापडेल हे माहीत असणे हाच विद्वत्तेचा मोठा भाग, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य तिच्या माथ्यावर असते. तिथे शोधणे हाच खेळ. मात्र प्रश्न गटाच्या छुप्या सूत्रात गुंफलेले असल्याने एकेक प्रश्न सर्चमध्ये टाकून फारसे हाती लागत नाही. मंडळांच्या प्रश्नकर्त्यांनी ही युक्ती उचलण्यासारखी आहे. गूगल फॉर्ममध्ये प्रश्नांचा व पर्यायांचा क्रम बदलता येतो, एका खात्याला एकच प्रतिसाद असे बंधनही घालता येते, पण शेजारच्या टॅबवरचे सर्च थांबवता येत नाही. तेव्हा 'कर्व्यांना भारतरत्न कधी' असे विचारण्यापेक्षा पाच उत्तरांतून एक सूत्र निघेल अशी गुंफण करावी.

बक्षीस लागल्यावर

मदत करणाऱ्याला वाटणीचा शब्द दिला असेल तर कराचा भाग आधी वजा करा. १९६१ च्या आयकर कायद्याने लॉटरी आणि शब्दकोडे एकाच कलमात, १९४ ब मध्ये, शेजारी बसवले होते. दहा हजारांवरच्या बक्षिसातून ३० टक्के कापूनच रक्कम हाती येते, आणि त्यावर कुठलाही खर्च वजावट म्हणून दाखवता येत नाही. एक लाखातले तीस हजार आधीच गेले, म्हणजे निम्मे निम्मे ठरवले असेल तर ते सत्तर हजारांचे निम्मे. बक्षीस स्कूटर असेल तर कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय आयोजकाने ती ताब्यात द्यायची नसते; पैसे तुमच्याच खिशातून जाऊ शकतात.

शब्दकोडी लॉटरीच्या पंगतीत कशी बसली, त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या बक्षिसाच्या कोड्यांचा अंक बेंगळुरूला छापला जाई आणि मुंबई राज्यात मोठ्या प्रमाणावर खपे. १९५५ च्या बक्षीस-स्पर्धा कायद्याने महिन्याची बक्षिसे एक हजार रुपयांवर आणि प्रवेशिका दोन हजारांवर रोखल्या. १९५७ मध्ये चमारबागवालांच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांना लागू, कौशल्याच्या नाही.

मुदत संपली की ग्रुपवर परत यावे. मिळालेले उत्तर, ते कुठे सापडले, आणि कुणाच्या इशाऱ्याने सापडले, हे लिहावे. आयोजकांचे उत्तर चुकलेले वाटले तर हरकत ग्रुपवर नव्हे, आयोजकांकडे, आणि बक्षीस समारंभाच्या आधी. प्रश्नाचा क्रमांक, त्यातला नेमका शब्द, संदर्भाच्या पानाचा फोटो आणि आवृत्तीचे साल सोबत जोडावे. 'गूगलवर असेच आहे' ही हरकत धरली जात नाही, कारण आयोजकांनीही बहुधा तिथूनच उत्तर घेतलेले असते.